लाईट गेली तरी डिस्क उघडली पाहिजे: एन्क्रिप्शनच्या कोडमधले बग कसे पकडायचे

साध्या ॲपमध्ये बग आला की लोक शिव्या घालतात, बंद करून परत चालू करतात आणि विसरून जातात. डिस्क एन्क्रिप्शनच्या कोडमध्ये तसं नसतं, इथे चार बाइट चुकीच्या जागी पडले की समोरच्याचे दहा वर्षांचे फोटो आणि हिशोब गेले ते गेलेच, आणि वर काय गेलं हे बघायलाही मिळत नाही कारण एन्क्रिप्टेड डेटा आणि कचरा दिसायला सेमच दिसतात.

मी लिनक्सवाला, त्यामुळे सगळं लक्स (एन्क्रिप्टेड डिस्कचा फॉरमॅट), डीएम-क्रिप्ट (कर्नलमधला प्रत्यक्ष एन्क्रिप्ट करणारा भाग) आणि क्रिप्टसेटअप (हे सगळं हाताळणारी कमांड) धरून सांगतो. कमांडची नावं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल: इतक्या वर्षांत माझ्यासमोर आलेल्या एकाही बगमध्ये एईएसची, म्हणजे एन्क्रिप्शनच्या मूळ गणिताची, चूक नव्हती. गणित नीटच असतं. बग असतो तो गणिताच्या आजूबाजूला, पासफ्रेज वाचताना, हेडर (डिस्कच्या सुरुवातीला असलेली एन्क्रिप्शनची माहिती) लिहिताना, एरर आल्यावर काय करायचं त्या कोपऱ्यातल्या कोडमध्ये, जो कोणी कधी चालवूनच बघितलेला नसतो. म्हणून आपलं काम काय, तर तो कोपरा मुद्दाम चालवायचा.

खरी डिस्क लांब ठेवा

पहिली सवय ही लावा. ट्रंकेट वापरून ६४ एमबीची एक फाइल बनवा, लॉसेटअपने तिचं लूप डिव्हाइस करा (म्हणजे फाइल डिस्कसारखी वापरता येते) आणि सगळे प्रयोग त्याच्यावर. लक्स२ चा हेडरच डिफॉल्टने १६ एमबी खातो म्हणून त्याच्यापेक्षा मोठी फाइल घ्या, नाहीतर फॉरमॅटच होणार नाही आणि तुम्ही अर्धा तास भलताच बग शोधत बसाल. दुसरं म्हणजे टेस्टमध्ये आरगॉन२ (पासफ्रेजवरून की बनवायचा अल्गोरिदम) नको, तो मुद्दाम हळू बनवलाय, दर वेळी दोन-दोन सेकंद खातो आणि पाचशे टेस्ट असल्या की चहा पिऊन येईस्तोवर संपत नाहीत. टेस्टपुरतं पीबीकेडीएफ२ (त्याच कामाचा दुसरा अल्गोरिदम) घ्या आणि फोर्स-इटरेशन्सला (किती फेऱ्या मारायच्या तो आकडा) १०००, जी त्याची किमान मर्यादा आहे. फक्त ही सेटिंग चुकून प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये गेली नाही ना, ह्याचीपण एक टेस्ट लिहा, मी हसत नाहीये, हे होतं.

आणि खऱ्या डिस्कला हात लावायची वेळ आलीच, कोणाची तरी अडकलेली डिस्क वगैरे, तर सगळ्यात आधी लक्सहेडरबॅकअप (हेडरची कॉपी काढणारी कमांड). आधी म्हणजे विचार करायच्याही आधी.

बग कुठल्या मजल्यावर आहे

"डिस्क उघडत नाही" ही तक्रार म्हणजे "पोटात दुखतंय" सारखी आहे, त्यातून काहीच कळत नाही. खालून वर असे मजले आहेत: डिस्क, मग हेडर, मग पासफ्रेजवरून की काढणारा कीस्लॉट, मग डीएम-क्रिप्टचं मॅपिंग (डेटा उलगडून दाखवणारं डिव्हाइस), मग फाइलसिस्टिम. ओपनला टेस्ट-पासफ्रेज हा ऑप्शन दिला तर मॅपिंग न बनवता फक्त पासफ्रेज चालतो का ते कळतं. तो चालला आणि माउंट होत नसेल तर हेडर आणि कीस्लॉट सुटले, वरच्या मजल्यावर जा. तिथेच "चुकीचा पासफ्रेज" आला तर खाली बघा. आणि "हा लक्स डिव्हाइसच नाही" असं आलं तर हेक्सडंप (कच्च्या बाइटची यादी) काढून सुरुवातीचे बाइट डोळ्यांनी बघा, चार अक्षरं एल यू के एस दिसली पाहिजेत.

लक्स२ मध्ये मेटाडेटाच्या (हेडरमधल्या वर्णनाच्या) दोन कॉप्या असतात. डिफॉल्टला दुसरी कॉपी १६ केबीवर सुरू होते आणि तिची खूण उलटी लिहिलेली असते, एस के यू एल. मला हे फार आवडतं, ज्याने लिहिलं त्याला रात्री दोन वाजता हेक्सडंप बघणाऱ्या माणसाची दया आली असणार. दोन्ही कॉप्यांना आपापला चेकसम (बिघाड ओळखायचा आकडा) आणि सिक्वेन्स नंबर असतो, दोन्ही बरोबर असल्या तर मोठा नंबर जिंकतो, एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त होते. पण पहिल्या जागी दुसऱ्याच कशाची तरी सही दिसली, समजा कोणीतरी पार्टिशन टेबल लिहून ठेवलं, तर क्रिप्टसेटअप आपणहून दुरुस्ती करत नाही, तुम्हाला रिपेअर चालवावं लागतं. बरोबरच आहे ते, काय माहीत ती डिस्क आता खरंच दुसऱ्या कशासाठी वापरली असेल. तुमचं टूल वरून क्रिप्टसेटअप चालवत असेल तर ह्या दोन केस वेगळ्या दाखवा, एकच "एरर १" सगळ्यांना देऊ नका.

आता इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की दोन कॉप्या आहेत म्हणजे आपण सेफ. नाही हो. कॉप्या आहेत त्या मेटाडेटाच्या, कीस्लॉटचा जो भाग असतो त्याची कॉपी नसते. आणि की तिथे सरळ ठेवलेली नसते, ती ४००० पट्ट्यांमध्ये पसरवून ठेवतात, ६४ बाइटची की २,५६,००० बाइट जागा घेते, कारण स्लॉट पुसायचा झाला तर त्यातला थोडासा भाग पुसला गेला तरी की मिळू नये. सिक्युरिटीसाठी मस्त आहे, पण ह्याचाच अर्थ असा की त्या अडीच लाख बाइटमधला एक सेक्टर जरी खराब झाला तरी तो अख्खा स्लॉट गेला. म्हणून टूलमध्ये दोन स्लॉट ठेवायची सोय द्या आणि हेडर बॅकअपची आठवण युजरला करून देत राहा.

पासफ्रेज: अर्धे बग इथेच

एका ठिकाणी काम करताना आम्हाला एक केस आली होती, वेबवरून सेट केलेला पासफ्रेज वेबवरून चालायचा पण कन्सोलवर टाइप केला की "चुकीचा". दोन दिवस गेले. शेवटी निघालं काय तर वेबवाला कोड पासफ्रेज इको करून कीफाइलमध्ये टाकत होता, आणि इको शेवटी एक न्यूलाइन चिकटवतो. कीफाइल म्हणून दिली की क्रिप्टसेटअप त्यातला प्रत्येक बाइट धरतो, न्यूलाइनसकट, आणि हाताने टाइप केलं की एंटरपाशी थांबतो. म्हणजे दोन वेगळे पासफ्रेज. अजून चावट गोष्ट अशी की पाइपने दिलं आणि की-फाइलला डॅश दिला तर न्यूलाइन धरली जाते, डॅश न देता पाइप केलं तर पहिल्या न्यूलाइनला वाचणं थांबतं. इको सोडा, प्रिंटएफ वापरा, आणि टेस्टमध्ये प्रत्येक सेट करायच्या वाटेला प्रत्येक उघडायच्या वाटेशी जोडून बघा, तीन वाटा असतील तर नऊ टेस्ट, कंटाळा करू नका.

मराठी लोकांसाठी ह्यात एक खास खड्डा आहे. क्रिप्टसेटअपला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात, आणि तो कसलंही नॉर्मलायझेशन (सारखी दिसणारी अक्षरं एकाच कोडमध्ये आणणं) करत नाही. आता "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकाच कोडने येऊ शकतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन कोड मिळून येऊ शकतो, किंवा काही कीबोर्ड सरळ र, हलंत आणि एक अदृश्य जॉइनर टाकून तसंच दिसणारं बनवतात. स्क्रीनवर तिन्ही सेम, बाइट वेगळे. घरच्या लॅपटॉपवर सेट केलेला पासफ्रेज दुसऱ्या कीबोर्डवरून कधीच चालणार नाही आणि युजर शपथेवर सांगेल की मी तेच टाइप केलं, आणि तो खरंच बोलत असतो. बूटच्या वेळी तर प्रश्नच मिटला, इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टिम) देवनागरी टाइपच करता येत नाही. तुमच्या टूलमध्ये नवीन पासफ्रेज घेताना साध्या इंग्रजी अक्षरांच्या बाहेरचं काही आलं तर वॉर्निंग द्या. पण गुपचूप नॉर्मलाइझ करायला जाऊ नका, नाहीतर ज्यांचा पासफ्रेज जुन्या व्हर्जनमध्ये चालत होता ते उद्या बाहेर राहतील. मराठी प्रेम आहेच, पण पासफ्रेज "आंबा" असेल तर तो रोमनमध्येच लिहा (आणि आंबा ठेवूही नका).

कीबोर्ड लेआउटचंही हेच, बूटला यूएस आणि डेस्कटॉपवर यूके असला की काही चिन्हांची अदलाबदल होते, पासफ्रेजमध्ये ॲट द रेट असला की गेलं.

मेमरीचा बग पण इथेच मोडतो. आरगॉन२ ला रॅम लागते, डिफॉल्टला १ जीबीपर्यंत. भरपूर रॅमच्या मशीनवर बनवलेला स्लॉट छोट्या बोर्डवर उघडायला गेलात की प्रोसेस मरते, आणि मेसेज बघून वाटतं पासफ्रेज चुकला. रिप्रोड्युस करायला छोटं बोर्ड विकत घ्यायची गरज नाही, सिस्टिमडी-रनने मेमरीमॅक्स ३०० एमबी लावून ओपन चालवा, लगेच दिसेल. उपाय म्हणजे स्लॉट बनवताना पीबीकेडीएफ-मेमरी सर्वात गरीब मशीनच्या हिशोबाने द्या, आणि "मेमरी कमी पडली" आणि "पासफ्रेज चुकला" हे दोन वेगळे एरर कोड युजरपर्यंत पोचवा.

मोठ्या डिस्कचे बग छोट्या डिस्कवर दिसत नाहीत

हा माझा लाडका बग. एक्सटीएसमध्ये (डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) प्रत्येक सेक्टरचा आयव्ही, म्हणजे सारखा डेटाही वेगवेगळा दिसावा म्हणून मिसळायचा आकडा, त्या सेक्टरच्या नंबरवरून येतो. जुना "प्लेन" आयव्ही ३२ बिटचा आहे, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीनंतर नंबर परत शून्यापासून सुरू. "प्लेन६४" ह्याचसाठी आला. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये सेक्टर नंबर साध्या अनसाइन्ड इंटमध्ये ठेवला असेल तर हाच बग तुमच्याकडे आहे, आणि साइन्ड असेल तर १ टीबीलाच नंबर मायनसमध्ये जाईल. डेव्हलपर ६४ एमबीच्या फाइलवर टेस्ट करतो, सगळं हिरवं, आणि बग फक्त मोठ्या डिस्कवाल्याला चावतो.

पकडायला मोठी डिस्क लागत नाही. ट्रंकेटने ३ टीबीची स्पार्स फाइल बनवा, ती खरी जागा घेतच नाही. त्यावर कंटेनर बनवून उघडा, १०० नंबरच्या सेक्टरला आणि १०० अधिक दोनचा ३२ वा घात ह्या सेक्टरला सगळी शून्यं लिहा, मग मॅपिंग बंद करून खालच्या फाइलमधून त्याच दोन जागा कच्च्या वाचा, डेटा ऑफसेट मिळवायला विसरू नका. दोन्हीकडचा सायफरटेक्स्ट (एन्क्रिप्ट झालेले बाइट) सेम आला तर आयव्ही फिरून आलाय. एकदा "प्लेन" सायफरने मुद्दाम फेल होताना बघा, मग "प्लेन६४" ने पास. फेल होताना न बघितलेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही.

तसाच सेक्टर साइझचा घोळ. काही यूएसबी बॉक्स डिस्कला ४०९६ चे सेक्टर आहेत असं दाखवतात, तीच डिस्क काढून सरळ साटाला लावली की ५१२. पार्टिशन टेबलच जागेवर सापडत नाही आणि दोष एन्क्रिप्शनला. लॉसेटअपला सेक्टर-साइझ ४०९६ देऊन दोन्ही बाजूंनी टेस्ट करता येतं.

लाईट घालवायची

आता मुख्य काम. हेडर बदलणारं प्रत्येक ऑपरेशन घ्या, पासफ्रेज बदलणं, स्लॉट टाकणं, काढणं, रीएन्क्रिप्ट (सगळा डेटा परत नव्याने एन्क्रिप्ट करणं), आणि प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा की मध्येच करंट गेला तर काय खरं राहिलंच पाहिजे. पासफ्रेज बदलताना ते वाक्य असं: कुठल्याही क्षणी जुना किंवा नवा, निदान एक पासफ्रेज चालला पाहिजे. क्रिप्टसेटअप रिकाम्या स्लॉटमध्ये नवा टाकतो आणि मग जुना काढतो, म्हणजे वाक्य पाळलं जातं. पण एकही स्लॉट रिकामा नसेल तर जुन्याच्याच जागी लिहावं लागतं आणि तेव्हा मध्ये काही झालं तर कुलूप कायमचं, हे क्रिप्टसेटअपच्या मॅन पेजवरच (कमांडच्या माहितीपानावर) लिहिलंय. लक्स१ मध्ये स्लॉट फक्त ८, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत. तुमच्या टूलने "सगळे स्लॉट भरलेत, आधी एक काढा" म्हणून सरळ नकार द्यावा असं माझं मत.

हे तपासायला डीएम-फ्लेकी वापरा. त्याला सांगता येतं की इतके सेकंद नीट चाल आणि मग इतके सेकंद लेखन गुपचूप टाकून दे किंवा एरर दे. दोन्ही मोड चालवा कारण बग वेगवेगळे निघतात, एररवाल्यात तुमचं एरर हँडलिंग उघडं पडतं आणि गुपचूपवाल्यात एफसिंक (लेखन डिस्कवर पक्कं करायची सूचना) विसरलेला सापडतो. परत वाचताना मात्र कॅशमधून वाचत नाही ना ते बघा, नाहीतर जे डिस्कवर गेलंच नाही तेही तुम्हाला छान दिसेल. अजून खोलात जायचं तर डीएम-लॉग-राइट्स, तो प्रत्येक लेखन क्रमाने नोंदवून ठेवतो, मग तुम्ही पहिल्या लेखनापर्यंत, दुसऱ्यापर्यंत, तिसऱ्यापर्यंत असं डिस्क उभी करून प्रत्येक टप्प्याला विचारायचं, उघडतेस का बाई? एका रात्री स्क्रिप्ट लावून ठेवा आणि सकाळी बघा, पहिल्यांदा चालवल्यावर काहीच सापडलं नाही असं माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही.

रीएन्क्रिप्टसाठी क्रिप्टसेटअपमध्ये रेझिलियन्सचे (मध्येच बंद पडलं तर सावरायचे) मोड आहेत, डिफॉल्ट चेकसम, मग जर्नल, आणि नन. नन वेगवान आहे आणि मध्येच लाईट गेली तर त्या तुकड्याचा डेटा गेला. स्पीडसाठी तो चालू करणारे फोरमवर भेटतात, त्यांच्याकडे यूपीएस असावा ही सदिच्छा.

आणि रिकव्हरीचा कोड लिहिताना शत्रूही डोक्यात ठेवा. सीव्हीई-२०२१-४१२२ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नंबर) हाच होता: ज्याच्या हातात डिस्क आहे तो लक्स२ च्या हेडरमध्ये "रीएन्क्रिप्शन अर्धवट राहिलंय" असं खोटं लिहून ठेवायचा, पुढच्या वेळी मालकाने पासफ्रेज टाकून उघडलं की क्रॅश रिकव्हरी प्रामाणिकपणे कामाला लागून डेटाचा काही भाग चक्क डिक्रिप्ट करून डिस्कवर लिहायची, पासफ्रेज चोराला माहीत नसतानाही. क्रिप्टसेटअपच्या २.४.३ आणि २.३.७ मध्ये, जानेवारी २०२२ ला दुरुस्त झालं, आता त्या मेटाडेटाची खरेपणाची तपासणी कीच्या आधारे होते. तुमचं टूल "मागचं काम अर्धं आहे" अशी स्टेट फाइल कुठे साध्या टेक्स्टमध्ये ठेवत असेल तर आत्ताच उठा आणि बघा.

एरर पाथचं दुसरं क्लासिक उदाहरण २०१६ चं, सीव्हीई-२०१६-४४८४. डेबियन आणि उबुंटूच्या बूट स्क्रिप्टमध्ये पासफ्रेज विचारत असताना एंटर साधारण ७० सेकंद दाबून धरला की प्रयत्न संपून सरळ रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांड लाइन) मिळायचं. डिस्क बंदच राहायची, एन्क्रिप्शन फुटलेलं नव्हतं, पण मशीनसमोर बसलेल्याला शेल हातात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने विचार केला असणार की डिस्क मिळत नाहीये म्हणजे हार्डवेअर हळू असेल, ॲडमिनला मदत म्हणून शेल देऊ. आपणही असंच लिहिलं असतं, कबूल करा. तेव्हा तुमच्या टूलला शंभर वेळा चुकीचा पासफ्रेज, रिकामा पासफ्रेज, मध्येच कंट्रोल-सी, आणि उघडताना यूएसबी उपसणं, हे सगळं करून बघा आणि शेवटी प्रोग्राम कुठे जाऊन उभा राहतो ते पाहा.

थोडं इकडचं तिकडचं

मेमरीतली की पुसायला साधा मेमसेट (मेमरी शून्यांनी भरणारं फंक्शन) नको, ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलर तो उडवतो कारण त्याच्या मते पुढे कोणी वाचतच नाही, एक्सप्लिसिट-बीझीरो वापरा. हेडर वाचणारा पार्सर असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून फझ करा, म्हणजे वेडावाकडा इनपुट देत राहा, कारण हेडर म्हणजे बाहेरून आलेला अविश्वासू डेटा. २०२० मध्ये लक्स२ च्या हेडर तपासणाऱ्या कोडमध्येच ३२ बिट मशीनवर हीप ओव्हरफ्लो (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिणं) सापडला होता. आणि एक्सटीएस फक्त लपवतो, राखण करत नाही: डिस्कवर एक बिट उलटला तर १६ बाइट कचरा होतात आणि कोणी काही बोलत नाही, त्यामुळे "एन्क्रिप्शनने फाइल खराब केली" ह्या तक्रारीत आधी रॅम आणि केबल बघा. हे पकडायचं असेल तर चेकसमवाली फाइलसिस्टिम किंवा डीएम-इंटिग्रिटी.

बग रिपोर्ट मागताना युजरकडून लक्सडंप, डीबग लॉग, कर्नल आणि क्रिप्टसेटअपची व्हर्जन मागा. हेडर बॅकअप कधीही मागू नका, त्यात कीस्लॉट असतात, हातात पडला की निवांत बसून पासफ्रेज फोडत बसता येतं. पासफ्रेज नंतर बदलला तरी जुन्या बॅकअपमधला जुना पासफ्रेज चालतच राहतो, कारण आतली व्हॉल्यूम की (डेटा प्रत्यक्ष एन्क्रिप्ट करणारी की) तीच असते. तसंच डीएमसेटअप टेबलला शोकीज लावून आलेला आउटपुट (त्यात की दिसते) कोणी पेस्ट केला तर त्याला आधी सांगा की ताबडतोब रीएन्क्रिप्ट कर, बगचं नंतर बघू.

दुरुस्ती करताना आधी फेल होणारी टेस्ट कमिट करा, मग गिट बायसेक्ट रनला तीच स्क्रिप्ट द्या, कधीपासून मोडलंय ते तोच शोधून देईल. आणि जुन्या प्रत्येक व्हर्जनने बनवलेली एक-एक छोटी इमेज, शिवाय मुद्दाम मोडलेल्या इमेज, रिपॉझिटरीत ठेवा आणि प्रत्येक रिलीजला सगळ्या उघडून बघा. फक्त टेस्ट चालवताना इमेजची कॉपी करून ती वापरा. आम्ही मूळ इमेजवरच चालवत होतो, पहिल्याच रनला आपोआप दुरुस्तीने मोडकी इमेज नीट करून टाकली, आणि त्यानंतर सहा महिने ती टेस्ट एका ठणठणीत हेडरवर आनंदाने पास होत होती.